एकोणीस फोल्डर

मंडळाच्या मशीनला आयुधपूजेच्या दिवशी पहिलं कुंकू लावायचा मान अकरा वर्षं माझा होता. मशीन म्हणजे एक काळा, जुना, घरघरणारा संगणक. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचं सभागृह आहे, तिथल्या ऑफिसात टेबलाखाली तो बसवलेला होता. बंगळुरात खंडेनवमीला लोक गाड्या, शिवणयंत्रं, इस्त्र्या, कारखान्यातली यंत्रं असं सगळं धुऊनपुसून त्याला झेंडूच्या माळा घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि दारात कोहळा फोडतात. आमचे अध्यक्ष मंडळाच्या कपाटाला, माइकला आणि शेवटी या मशीनला हळदकुंकू वाहायचे. पण मशीनपुढे वाकायच्या आधी ते मला हाक मारायचे. मी पदर खोचून टेबलाखाली शिरायचे, जाळीतून आत कुंकू पडणार नाही अशा बेतानं एक बोट टेकवायचे आणि बाहेर आले की माझ्या ओटीत नारळ पडायचा. "या नसत्या तर मंडळाचं पान कधीच बंद पडलं असतं," असं अध्यक्ष म्हणायचे. दरवर्षी हेच वाक्य, आणि मला ते दरवर्षी नवं वाटायचं.

मी मूळची निपाणीची. लग्न करून बंगळुरात आले त्याला आता वीस वर्षं होतील. नोकरी बेळ्ळंदूरला, एका कंपनीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. चुका शोधणाऱ्या माणसाचं कुणी कौतुक करत नाही. मी रजेवर असले तर आमच्या मजल्यावर ते कुणाच्या लक्षात येत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी विचारून पाहिलंय. मंडळातही सुरुवातीला तीच गत होती. तिथली बहुतेक माणसं जुन्या घराण्यांतली, तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांची. त्यांची मराठी निम्मी कन्नडात भिजलेली, पण मंडळ त्यांचं. त्यांच्या पंगतीत मी 'निपाणीकडची' होते. मग मी मंडळाचं पान, म्हणजे वेबसाइट, तयार केलं. सभागृहाचं बुकिंग, सभासदांची यादी, गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या, जुन्या कार्यक्रमांचे फोटो, सगळं त्या एका मशीनवर. आणि निपाणीकडची होती ती 'आमच्या बाई' झाली.

पान बंद पडलं की फोन यायचा, "बाई, पान उघडेना." मी बेळ्ळंदूरहून निघायचे, आउटर रिंग रोडवर तास-दीड तास गाड्यांच्या धुरात बसायचे, सभागृहात पोचायचे आणि मशीन बंद करून परत चालू करायचे. एवढंच. हे मी फोनवरही सांगू शकले असते. अकरा वर्षांत एकदाही सांगितलं नाही. नवरा म्हणायचा, "अगं, त्या अध्यक्षांना बटण दाबता येतंय की." बटण कुणालाही दाबता येतं, हेच तर मला लपवायचं होतं.

ती आली गेल्या वर्षी आषाढात. सव्वीस-सत्तावीसची असेल. आखूड केस, पायात पांढरे बूट. मंडळातल्या जुन्यात जुन्या घराण्यातली मुलगी. सभागृहाच्या दारावरच्या दगडी पाटीत तिच्या पणजोबांचं नाव आहे. ती एका कंपनीत वेबसाइट क्लाउडवर चढवायचं काम करत होती. पहिल्याच दिवशी ती ऑफिसात आली, गुडघे टेकून टेबलाखाली वाकली, कुंकवाच्या वाळलेल्या थरावरून बोट फिरवलं आणि तिथूनच मला म्हणाली, "अक्का, हे सगळं तुम्ही एकटीनं केलात?"

मला ते अक्का आवडलं नाही. मी काही तिची मोठी बहीण नव्हते. त्या घरांमध्ये अक्का म्हणवून घ्यायला तिथे जन्मावं लागतं असं मला वाटायचं, आणि ही पोरगी ते असं वाटेत पडल्यासारखं देऊन टाकत होती. शिवाय ती इतक्या सहज बोलली की चिडायलाही जागा ठेवली नाही.

सरळच सांगते, मला तिचा मत्सर वाटला. पहिल्या दिवसापासून वाटला. मी मंडळात आले तेव्हा मला बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळायला दोन वर्षं लागली. तिला अध्यक्षांनी स्वतः उठून आपली दिली. मी कन्नड बोलले की लोक हसून विचारतात, कुठल्या बाजूच्या तुम्ही? ती बोलली की कुणी काही विचारत नाही. बायका तिच्या गालाला हात लावून "ऊटा झालं काय गं?" म्हणायच्या. माझ्या जेवणाची चौकशी त्या मशीन चालू झाल्यावर करायच्या. ती मोठ्यानं हसायची, वडीलधाऱ्यांच्या मध्ये बोलायची, आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. मी घरी येऊन नवऱ्याला सांगायचे, आज ती असं बोलली, आज तिनं तसं केलं. शेवटी तो म्हणाला, "तू त्या पोरीबद्दल जेवढं बोलतीस तेवढं माझ्या आईबद्दलही कधी बोलली नाहीस."

श्रावणातल्या बैठकीत तिनं सुचवलं, हे मशीन आता दमलंय, पान क्लाउडवर नेऊ या. अध्यक्षांनी विचारलं, क्लाउड म्हणजे काय? "अण्णा, दुसऱ्यांची मोठी मोठी मशीनं असतात, दिवसरात्र चालणारी. आपण तिथे स्वल्प जागा घ्यायची." आणि तू मघाशी म्हणालीस ते कंटेनर काय, असंही त्यांनी विचारलं. "तिरुपतीला निघताना तुम्ही डबा भरता ना, चपाती, चटणी, चमचासुद्धा त्यातच? तसंच हे. पानाला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात भरायचं आणि तो डबा क्लाउडवर पाठवायचा. कुठल्याही मशीनवर उघडला तरी जेवण तेच."

सगळ्यांना कळलं. पाठीमागे बसून डुलक्या काढणाऱ्या खजिनदारांनाही कळलं. मी अकरा वर्षं टेबलाखाली काय करते ते मी कुणाला असं कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, हे मला त्या दिवशी दिसलं. नाकाला मिरच्या झोंबल्या. मग कुणीतरी विचारलं, "मग बाईंचं काय?" ती माझ्याकडे बघून हसली. "अक्कांना सुट्टी. किती वर्षं ट्रॅफिकमध्ये बसायचं त्यांनी?" तिनं ते प्रेमानं म्हटलं होतं. मला तेव्हाही ते कळत होतं. सगळे हसले, मीही हसले, आणि घरी जाताना बसमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी ऑफिसात शेजारी बसलो. मी माझा कोड तिला दिला. ती भराभर वाचत होती. आरतीच्या पाळ्यांच्या हिशोबात एक चूक होती, मी तिच्याशी दोन महिने झगडून शेवटी सोडून दिली होती. ती तिनं चहा संपायच्या आत काढली. "चिक्कचं, एवढंसंच होतं, अक्का," ती म्हणाली. मग स्क्रीनवरून नजर न काढता तिनं विचारलं, "साठवण सगळी डेटाबेसमध्येच आहे ना?"

सगळं इथून सुरू झालं, म्हणून हे नीट सांगते. पानावरचं सामान मी दोन ठिकाणी ठेवत होते. नावं, तारखा, बुकिंग हे डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या तक्त्यांत. पण लोकांनी पाठवलेले फोटो आणि आवाजाच्या फाइली मात्र कोडच्याच शेजारी एका साध्या फोल्डरमध्ये पडायच्या. ही काही शहाण्या माणसाची रीत नव्हे. पण मशीन एकच होतं आणि ते कुठे जाणार नव्हतं, म्हणून मी तसं केलं होतं आणि कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. आता तिनं विचारलं तेव्हा मला त्या फोल्डरची लाज वाटली. आरतीच्या चुकीनंतर आणखी एक चूक तिच्यापुढे ठेवायची माझी तयारी नव्हती. लाजेखाली आणखीही काही होतं, तिला सगळं का द्यायचं, असं. मी म्हणाले, "यादी सगळी डेटाबेसमध्ये हाय की."

खोटं नव्हतं ते. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणून ती पुढे गेली.

नवा प्रोग्रॅम लोकांच्या वापरासाठी चढवणं याला आमच्या धंद्यात डिप्लॉय म्हणतात. मी ते नेहमी एकटीनं, दार लोटून करायचे. तिनं त्याचा कार्यक्रम केला. श्रावण संपता संपता एका रविवारी सगळ्यांना बोलावलं, भिंतीवर प्रोजेक्टर लावला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. आता डब्यात तळाचं सामान भरतंय, आता कोड, आता झाकण लावलं, आता डबा निघाला. ती सांगत होती आणि माणसं क्रिकेटचं शेवटचं षटक बघावं तशी बघत होती. हिरवी खूण उमटली. तिनं अध्यक्षांच्या फोनवर पान उघडून दिलं. मी जीव मुठीत धरून बसले होते, कारण फोटो दिसणार नाहीत असं मला वाटत होतं. पण ते सगळे जागच्या जागी होते. माझं फोल्डर कोडच्या शेजारीच असल्यामुळे तेही डब्यात आपोआप भरलं गेलं होतं.

टाळ्या झाल्या. मग ती मला म्हणाली, "अक्का, मशीन तुम्हीच बंद करा. तुमच्याच हातानं व्हायला हवं." मी टेबलाखाली गेले आणि बटण दाबलं. घरघर थांबल्यावर ऑफिस इतकं शांत झालं की बाहेरच्या कंडक्टरची हाक ऐकू यायला लागली.

त्या आठवड्यात बेळ्ळंदूरला जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या क्लाउडची माहिती वाचायला घेतली. चूक सापडते का ते बघायचं होतं, दुसरा काही हेतू नव्हता. चुका शोधणं हेच माझं काम. तिसऱ्या दिवशी सापडली. त्या व्यवस्थेत पानात काही बदल केला की जुना डबा दुरुस्त करत नाहीत. नवा डबा भरून पाठवतात आणि जुना आतल्या सामानासकट टाकून देतात. डेटाबेस बाहेर वेगळा असतो, तो राहतो. डब्यात लोकांनी नंतर ठेवलेलं जे काही असेल ते मात्र जातं. म्हणजे जुने फोटो राहणार, कारण ते कोडबरोबर पुन्हा भरले जाणार. आजपासून पुढे जे येतील ते, तिनं पुढचा डिप्लॉय केला की, गेले.

एका वाक्याचा फोन करायचा होता. फोटोंच्या फोल्डरला क्लाउडवर कायमची वेगळी जागा लाव, एवढंच. मी फोन हातात घेतला. जेवणाचा डबा बंद करून हात धुऊन आले तोवर मी ठरवलं होतं की फोन करायचा नाही. तिला एकदा पडू दे, असं मला वाटलं. फार नाही, एकदाच, सगळ्यांसमोर.

आणि मी स्वतःला वाईट समजू नये अशी सोयही मी लगेच केली. माझ्या जुन्या अॅडमिन पानावर सगळ्या फाइली एकदम उतरवून घ्यायचं बटण होतं. लोकांच्या फाइली यायला लागल्या त्या दिवसापासून मी रोज दुपारी जेवायच्या आधी ते दाबायचे, त्या दिवसाच्या तारखेचं फोल्डर करून पेनड्राइव्हवर ठेवायचे. काही जाणार नव्हतं. तिचं पान कोसळेल, सगळे हवालदिल होतील, कुणीतरी म्हणेल बाईंना फोन लावा, आणि मी बेळ्ळंदूरहून निघेन. मी हे इतक्यांदा मनात पाहिलं होतं की मी कुठली साडी नेसलेय तेही ठरलं होतं.

फाइलीही खूप यायला लागल्या. दसऱ्याला सभागृहात एक प्रदर्शन करायचं, घराघरांतले जुने फोटो आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं, ही कल्पनाही तिचीच. ज्यांना जमत नव्हतं ते रविवारी सभागृहात येत, आम्ही त्यांच्या फोनवरून चढवून देत असू. येलहंक्याचे एक मामा असेच आले. हवाई दलाच्या तळावर कारकुनी करून निवृत्त झालेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात तडकलेल्या काचेचा फोन. मामी जाऊन तेव्हा वर्ष झालेलं नव्हतं. त्या मुलीभोवती गर्दी होती म्हणून मामा माझ्यासमोर बसले.

त्या फोनवर मामीचं दोन मिनिटांचं बोलणं होतं. मामांनी मसाल्याची कृती म्हणून टिपून घेतलेलं. धने एवढे, लवंगा एवढ्या, खोबरं वेगळं भाजायचं, असं त्या सांगत होत्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, "नळ तसाच सोडलात काय? बंद करा हो, नीरु वाया चाललंय." मग "आयतु, आयतु", झालं झालं म्हणत मामांची लांब जाणारी पावलं. तिथे ते संपत होतं. पुढचा मसाला राहूनच गेला होता. मामा ऐकताना माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होते. मी ते चढवलं. मामांनी पानावर वाजवून खात्री करून घेतली.

"अविधवा नवमीला घरात सगळ्यांना ऐकवणार आहे," ते म्हणाले. मग फोन पुसत विचारलं, "हा फोन पार गेलाय. लेक म्हणतीय दुकानात देऊन नवा घ्या. दिला तर चालतंय ना? हे इथं राहतंय ना?"

ती पलीकडे कुणाला तरी सांगतच होती, क्लाउडवर गेलं की भ्यायचं काही कारण नाही. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ती म्हणतीय ना राहतंय, मग चालतंय की."

माझ्याकडे प्रत राहणारच होती, असं मी मनाशी म्हटलं. त्या दिवशी तर मी दुपारची वाटही पाहिली नाही, मामा गेल्या गेल्या बटण दाबलं. तरी ते वाक्य मी तिच्या नावावर घातलं होतं, मुद्दाम घातलं होतं. बिघडलं तर मामांनी तिच्याकडे बघावं म्हणून.

गणपती झाले. पितृपंधरवडा लागला आणि एका रविवारी तिनं पानावर कन्नड भाषेचं बटण बसवून नवा डबा पाठवला. मी घरी होते. चारच्या सुमाराला पान उघडलं तर नव्या फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. मी फोन चार्जिंगला लावला, आवाज मोठा केला आणि साडीला इस्त्री करायला घेतली.

फोन आला नाही. पाच वाजता मंडळाच्या ग्रुपवर तिचा निरोप आला, मराठीत आणि कन्नडात. नवीन आलेले सगळे फोटो आणि आवाज गेले आहेत, चूक माझी, मी कोड नीट वाचला नाही, आता कायमची जागा लावली आहे, पुन्हा असं होणार नाही. बाईंचं फोल्डर असं होतं, बाईंनी मला सांगितलं नाही, यातलं एक अक्षर नाही. मग तिनं एकेका घरी फोन करायला घेतले. तीन दिवस ऑफिसचं काम सांभाळून ती फोन करत होती, माझ्यामुळे गेलं, पुन्हा पाठवाल का? लोकांनी पाठवले, आणि पहिल्यापेक्षा जास्त पाठवले. एका घरानं तिला जेवायलाच बोलावलं आणि ट्रंक उघडून पुढ्यात ठेवली. अध्यक्ष मला फोनवर म्हणाले, "काय मुलगी आहे हो. चूक झाली तर सरळ सांगितलं." मी म्हटलं, हो ना. माझी इस्त्रीची साडी खुर्चीवरच होती.

चूक करूनही ती मोठी झाली आणि मी एकही चूक न करता घरी बसले होते. पेनड्राइव्हवर एकोणीस दिवसांचे एकोणीस फोल्डर होते, आणि आता ते कुणाला दाखवायचीही सोय नव्हती. दाखवले असते तर प्रत्येक फोल्डरवरची तारीख बोलली असती. मी गप्प राहायचं ठरवलं. सगळ्यांचं सगळं परत आलं होतं, मग माझी गरजच काय होती?

सगळ्यांचं आलं नव्हतं. अविधवा नवमीच्या आदल्या संध्याकाळी मामांचा मला फोन आला. तिला नाही, मला. "ती पोरगी पुन्हा पाठवा म्हणाली हो, पण फोन तर मी देऊन टाकला. दुकानात जाऊन आलो, ते म्हणाले सगळं पुसून पुढे गेला. तिला मी अजून सांगितलं नाही, फार वाईट वाटून घेईल. तुम्हाला काही काढता येतंय का बघा. नसलं तर असू दे." चढ्या आवाजात एक शब्द नाही. मी म्हणाले, उद्या सकाळी सभागृहात या.

फोल्डरांच्या तारखा बदलता आल्या असत्या. त्यातलं मला सगळं येतं. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, एकच तारीख घालायची, आणि म्हणायचं, अहो, एकदा सहज उतरवून ठेवलं होतं, आत्ता आठवलं. पाच मिनिटांचं काम. मी पेनड्राइव्ह लावून लॅपटॉपपुढे बसलेही होते. मग केलं नाही. का केलं नाही ते मला अजून नीट सांगता येत नाही. मामांशी एक खोटं बोलून झालं होतं, दुसरं नको वाटलं, हे खरं. पण मी रोज दुपारी जेवण थांबवून केलेलं ते काम एका तरी जाणत्या माणसानं पाहावं, असंही मला वाटत होतं. आणि मंडळात तसं जाणतं माणूस एकच होतं. मी तिला निरोप पाठवला, सकाळी ये.

सकाळी सभागृहात आम्ही तिघं होतो. मामा ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसले. मी तिला मामांच्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला, आणि मी पेनड्राइव्ह पुढे केला तेव्हा एकदम उजळला. "अक्का, तुमच्याकडे आहे?" असं म्हणून तिनं माझा हात धरला. मग तिनं तो लावला आणि पडद्यावर एकोणीस फोल्डर एकाखाली एक उमटले.

ती वाचत राहिली. वरून खाली, पुन्हा वर. तिला भराभर वाचता येतं.

"पहिलं तर डिप्लॉयच्याच आठवड्यातलं आहे."

"हो."

"मग रोज."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं, अक्का. इथेच, ह्याच खुर्चीवर."

बोलण्यासारखं मी घरून तयार करून आणलं होतं, पण त्या तारखांपुढे त्यातलं काही चालणारं नव्हतं. ती रागावेल, निदान आवाज चढवेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मलाही आवाज चढवता आला असता. ती म्हणाली, "सरी." मग त्या दिवसाच्या फोल्डरमधून मामांची फाइल काढली, कायमच्या जागेवर ठेवली, त्यांच्या नव्या फोनवर घातली आणि बाहेर नेऊन दिली. दारातून मला ऐकू आलं. धने, लवंगा, खोबरं वेगळं भाजायचं. मग, नळ तसाच सोडलात काय? मामांनी ते तिथेच दोनदा ऐकलं आणि येलहंक्याची बस पकडायला उठले. जाताना आत डोकावून त्यांनी मला हात जोडले. मी मान खाली घातली, ती त्यांना नमस्कार वाटली असावी.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. टेबलाखाली आता मशीन नव्हतं, फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग तेवढे होते. मी जाणारच नव्हते, पण अध्यक्षांचा दोनदा फोन आला. गेले तर ऑफिसातल्या टेबलावर तिचा लॅपटॉप, त्याला झेंडूची माळ, आणि सगळी मंडळी माझी वाट बघत थांबलेली. तिनं त्यांना एवढंच सांगितलं होतं की बाईंनी प्रत ठेवली होती म्हणून मामींचा आवाज वाचला. तारखांचं काही सांगितलं नव्हतं. आजतागायत सांगितलेलं नाही. "पहिलं कुंकू बाईंचं," अध्यक्ष म्हणाले, आणि मग ते वाक्य, या नसत्या तर. टाळ्या वाजल्या. मामाही आले होते, ते सगळ्यांत जोरात वाजवत होते. मला जे जे हवं होतं ते सगळं त्या खोलीत होतं.

तिनं कुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं. "घ्या मॅडम," ती म्हणाली.

अगदी नीट म्हणाली, आदरानं. बेळ्ळंदूरला आमच्या मजल्यावर मला सगळे मॅडमच म्हणतात. मी लॅपटॉपच्या झाकणावर बोट टेकवलं. ओटीत नारळ पडला. मी तो धरून उभी होते तेव्हा ती दाराकडे वळली आणि अध्यक्षांच्या सुनेला तिनं हाक मारली, "अक्का, चला, कोहळा फोडू या." ती सून मंडळात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. ती हसत तिच्यामागे गेली, आणि मला त्या सुनेचा इतका मत्सर वाटला की नारळ खाली ठेवावा लागला.